बायोडेटाच्या खालच्या चार ओळी

जून महिना आला की अजून एखादं पोर घर शोधत येतं आणि दारातूनच विचारतं, ‘‘मामा, कॉलेजच्या फॉर्मला बायोडेटा जोडू का नको?’’

मी टाईपिंग सोडून बरीच वर्षं झाली. बसायची जागा गेली, मशीन गेलं. तरी प्रश्न येतो, कारण एके काळी ह्या प्रश्नावर कोल्हापुरात माझ्याएवढा ठाम माणूस दुसरा नव्हता. ‘‘जोडायचाच,’’ मी सांगायचो. फॉर्ममध्ये मागितलेला असो नसो. खिडकीतला क्लार्क कागद परत फेको. जोडायचा, आणि तोही सगळ्यात वर.

आता मी काय सांगतो ते शेवटी येईल. आधी धंदा सांगतो.

मी चौथी शिकलेला माणूस. तरी पंचवीस वर्षं कॉलेजच्या रस्त्याला टेबल टाकून इंग्रजी टाईप केलं. लोकांना खोटं वाटतं. लहानपणी मी एका टाईपिंगच्या क्लासात झाडलोट करायला होतो. वीस मशीनं रोज फडक्यानं पुसायची. पुसून पुसून कुठलं अक्षर कुठं बसतं ते बोटांना कळलं. दुपारी मास्तर जेवायला गेले की मी कागद लावून बसायचो. पुढं मास्तरांनी बघितलं आणि रागवायचं सोडून म्हणाले, ‘‘तुझी बोटं पोरांपेक्षा बरी हायत की रे.’’ तेवढंच माझं सर्टिफिकेट.

मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चुकलेलं दिसायचं. आपल्या गल्लीत परका माणूस शिरला तर जसा दिसतो, तसा चुकीचा शब्द मला दिसायचा. नाव, गाव, फादर, डेट एवढं कळायचं. बाकी जे समोर ठेवाल ते हुबेहूब उतरवून देत होतो. अर्थ विचारायला मी कुणाच्या दारात गेलो नाही. हा माझा ताठा होता, आणि पुढचं सगळं त्या ताठ्यातनंच निघालं.

माझं टेबल एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर होतं. शेजारी बापूचं झेरॉक्स. बापू बारावी नापास, पण इंग्रजी पेपर घेऊन बसायचा, आणि मला त्याची फार चीड यायची. ‘‘मामा, कधी तरी विचारा की काय टाईप करताय ते,’’ तो म्हणायचा. मी म्हणायचो, ‘‘तू झेरॉक्स काढतोस तवा मशीन तुला अर्थ इचारतंय व्हय?’’

बायोडेटा म्हणजे आमच्या भागात लग्नाचा. कॉलेजला बायोडेटा लागतो हेच नवीन होतं. एक बाई मुलीला घेऊन आल्या आणि लिहून आणलेला कागद पुढं ठेवला. बापूनं वाचून दाखवला. रंग निमगोरा, उंची पाच फूट, स्वयंपाक येतो, अपेक्षा : वसतिगृह असलेलं कॉलेज. एक पैलवान गडी पोराच्या बायोडेटात आपली तालीम घाला म्हणून अडून बसला. ‘‘अहो, शिकणार पोरगं,’’ मी म्हणालो. ‘‘शिकंल की. पण कुणाचं हाय ते कळाय नको?’’ मी आजोबांची गदा सोडून बाकी सगळं घातलं.

असं चाललेलं असताना दिगंबर आला.

नव्वद सालानंतर तीन-एक वर्षांनी घडलेली गोष्ट. चंदगडकडचा पोरगा. तिकडची पोरं पावसाळ्यात ओळखू येतात. कपडे वाळलेले असले तरी पिशवीला ओलीचा वास असतो. सडसडीत, केस कपाळावर चिकटलेले, डोळे जरा लाल. त्यानं कॉलेजचा फॉर्म दाखवला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं एक पान दाखवलं. इंग्रजीत.

मी फॉर्म बघून म्हणालो, ‘‘पावणं, ह्यात बायोडेटा मागितलेला न्हाय. उगंच कशाला?’’

हे मी म्हणालो होतो बरं का. त्या दिवसापर्यंत माझं मत उलट होतं.

तो हसला. ‘‘मामा, ह्या फॉर्मात माझं मार्क मावत्यात. मी मावत न्हाय.’’

मला हे वाक्य लई आवडलं. मी कार्बन घालून मनापासून टाईप केलं. वर नाव, पत्ता, जन्म, मार्क, आणि सगळ्यात खाली चार ओळी. त्या चार ओळी टाईप करताना तो माझ्या बोटांकडं बघत होता आणि ओठ हलवत होता, जसं काही ऐकून लिहून घेतोय. वरची प्रत त्यानं घेतली. कार्बन प्रत दिली तर म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. आनी एका कॉलेजला घालायचाय. धा दिसांनी येतो, तवा लागंल.’’

दहा दिवसांनी तो आला नाही. पण कॉलेजची यादी लागली त्यात त्याचं नाव होतं. ऑफिसातला शिपाई चहाला आला तेव्हा सांगत होता, ‘‘तुमच्या टेबलावरचा एक बायोडेटा साहेबांनी सगळ्या सरांना वाचून दाखवला. म्हणाले, असा अर्ज ह्या खिडकीत आजपर्यंत आला न्हाय.’’

माझी छाती फुगली. चौथी शिकलेल्या माणसाचा कागद साहेब वाचून दाखवतो! दिगंबर कॉलेजात दाखल झाला असणार, दुसऱ्या गेटानं जात असणार, असं मी धरून चाललो. ती कार्बन प्रत मी टेबलाच्या काचेखाली सरकवली. निळी अक्षरं, जरा पसरलेली. तिथं ती नऊ पावसाळे राहिली.

त्यानंतर जे गिऱ्हाईक आलं त्याला मी काचेवर बोट ठेवून दाखवायचो, ‘‘ह्यावर ॲडमिशन झालंय. साहेबांनी वाचून दाखवलाय.’’ आणि ती प्रत समोर ठेवूनच टाईप करायचो. नाव बदलायचं, बापाचं नाव, पत्ता, जन्म, मार्क बदलायचे. खालच्या चार ओळी मात्र तशाच. का? तर मला वाटायचं की अर्जाच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ असतं तसंच हेही ठराविक असणार. चार-सहा महिन्यांत त्या चार ओळींना बघावंही लागेना. बोटं आपली आपण पळायची.

एवढंच नाही. इंटरव्ह्यूला कागदावरचं विचारतात हे मी ऐकून होतो. म्हणून रद्दीच्या कागदावर त्या चार ओळी वेगळ्या टाईप करून प्रत्येक पोराच्या हातात चिठ्ठी द्यायचो. ‘‘पाठ कर. झोपंतनं उठवलं तरी आलं पाहिजे.’’ पोरं घाबरून पाठ करायची. एखादं हुशार पोर म्हणायचं, ‘‘मामा, पण हे माझं न्हाय.’’ मी म्हणायचो, ‘‘आता तुजंच. गप पाठ कर.’’

पोरांचे बाप माझ्याच बाजूचे असायचे. ‘‘मामा सांगत्यात तसं कर की. त्यांची पंचवीस वर्सं गेल्यात हितं.’’ तेव्हा पंधराच झाली होती, पण मी दुरुस्त करत नव्हतो.

अधूनमधून काही विचित्र कानावर यायचं. मी ते झटकून टाकायचो.

मुरगूडकडची एक बाई एकदा टेबलावर हात आपटत आली. तिच्या पोराचा बायोडेटा मी गेल्या सालात केलेला. ‘‘काय लिवून दिलासा ओ माझ्या पोराला? रोज पाटं उठतंय आनी नदीला जातंय.’’

‘‘चांगलं हाय की. अंघोळ करत आसंल.’’

‘‘पवाय येत न्हाय त्येला! काठावर बसतंय आनी पल्याड बगतंय. काय बगतोस म्हटलं, तर म्हणतंय, कोन तरी परत यायचं राहिलंय.’’

मी म्हणालो, ‘‘बाई, मी टाईप करतो. देवऋषी न्हाय.’’ बापू हसला, मीही हसलो. ती बाई हसली नाही. तिनं काचेखालच्या कागदाकडं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि गेली. तिला इंग्रजी येत नव्हतं. तरी ती त्याच कागदाकडं का बघत होती हे मी स्वतःला विचारलं नाही.

आणखी एक. पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला दमटपणा धरायचा, फक्त त्या कागदाच्या भोवती. कट्टा कोरडा, टेबल कोरडं. मी काच उचलून पुसायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बापू म्हणायचा, कार्बनचं तेल असतंय त्यात. मी ते मानून घेतलं.

आता गौराची गोष्ट.

गौरा कबनूरची. तिचे वडील लिंगायत, सुताचा किरकोळ व्यापार. घराच्या दोन्ही बाजूंनी यंत्रमाग. माणूस बोलतानाही मागाच्या आवाजावर बोलल्यासारखा ओरडायचा. तिला एका कॉलेजात जायचं होतं, जिथं मार्कांबरोबर इंटरव्ह्यूही घेत. घरात पहिलीच बारावी झालेली मुलगी. वडिलांच्या भावानं सांगून ठेवलं होतं, ह्या साली नंबर लागला तर शिकू दे, नाही तर दिवाळीनंतर निपाणीकडचं स्थळ आहे. हे मला वडिलांनीच सांगितलं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं.

‘‘मामा, ह्यात बायोडेटा मागितलेला नाही,’’ गौरा हळू म्हणाली.

‘‘यव्वा, गप्प ऱ्हा,’’ वडील ओरडले. ‘‘मामा म्हनत्यात जोडायचा, जोडायचा.’’

फॉर्म घ्यायची शेवटची तारीख. खिडकी एकला बंद. टेबलाभोवती गर्दी, वडिलांचं ओरडणं, मी घाईत. नाव घातलं, वडिलांचं नाव घातलं, आणि बोटं पळाली. मी कागद ओढून काढला, तिला जिथं बोट ठेवलं तिथं सही करायला लावली, फॉर्मच्या वर टाचणीनं लावला आणि म्हणालो, ‘‘पळा!’’ चिठ्ठी तेवढी तिच्या हातात दिली. अख्खा कागद तिनं वाचलाच नाही.

त्यानंतर वीस-बावीस दिवस गेले. एका सकाळी अकराच्या सुमाराला टेबलासमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला टॉवेल, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पाकीट.

‘‘पावणं, हे कुणाचं हाय वो? पाकिटावर नाव हाय त्या कॉलेजच्या रस्त्यालाच टायपिंग हुतंय असं पोस्टमन म्हनला. मी चंदगडकडनं आलोय, पयल्या यष्टीनं.’’

मी पाकीट बापूकडं दिलं. बापूनं वाचलं. इंटरव्ह्यूचं बोलावणं. नाव गौराचं. उद्या सकाळी दहाला. आणि खाली हातानं लिहिलेली एक ओळ : पोहण्याविषयी लिहिले आहे, त्याचे प्रमाणपत्र असल्यास आणावे.

‘‘पोहण्याविषयी?’’ मी म्हणालो. ‘‘कुणी लिवलंय?’’

म्हातारा म्हणाला, ‘‘पत्त्यावर घर आमचं हाय. ह्या नावाची पोरगी आमच्यात न्हाय. आमाला पोरगी न्हाईच. पर गावातल्या गुरुजींनी वाचलं आनी पोवायचं आलं, तवा मला ऱ्हावलं न्हाय.’’ तो थांबला. ‘‘आमच्या घरातनं कॉलेजला अर्ज एकदाच गेलता. आमच्या दिगंबरचा.’’

मी काचेकडं बघितलं. नाव मला वाचता येत होतं.

गौराच्या बायोडेटात मी पत्ता बदललाच नव्हता. फॉर्मवर कबनूरचा बरोबर पत्ता होता. पण वर टाचलेला माझा कागद, आणि ऑफिसातल्या माणसानं वरच्याच कागदावरून पाकीट लिहिलं. जो कागद कुणी मागितला नव्हता त्यानं पोरीचं बोलावणं चंदगडला नेलं होतं.

‘‘दिगंबर कुठं हाय आता?’’ मी विचारलं. ‘‘शिकून लागला आसंल की नोकरीला.’’

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. ‘‘तो कॉलेजात गेलाच न्हाय वो. ज्या दिशी यादी लागली त्याच पाटं नदीत गेला. पानी चडलेलं. मी म्हटलं आज नगं. म्हनला, मी कागदावर लिवून दिलंय, चुकवत न्हाय म्हणून.’’

बापू उठला, माझ्या टेबलाशी आला आणि मी न सांगता काचेखालचा कागद वाचायला लागला. नऊ वर्षं शेजारी बसून त्यानंही तो कधी नीट वाचला नव्हता. त्यानं खालच्या चार ओळी मराठीत सांगितल्या.

रोज पहाटे मी घरामागची नदी पोहून पलीकडे जातो आणि परत येतो. पाऊस असला तरी चुकवत नाही. मला पाण्याची भीती वाटत नाही. तुम्ही बोलावले तर मी कुठूनही येईन.

रस्त्यावर रिक्षा चालल्या होत्या, पोरं फॉर्म घेऊन पळत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. नऊ वर्षांत किती पोरांना मी ह्या चार ओळी पाठ करायला लावल्या असतील? मोजलेलं नाही. मोजायचं धाडस झालेलं नाही. मुरगूडची ती बाई तेवढी डोळ्यासमोर आली.

पण उद्या दहाला गौराला तिथं पोचायचं होतं आणि तिला ते माहीतच नव्हतं. मी मशीनवर कव्हर घातलं. माझ्याकडच्या तिच्या प्रतीवर पत्ता चंदगडचाच. फोन नव्हता. कबनूर एवढंच माहीत.

‘‘मीबी येतो,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘पत्र माज्या घरी आलंय. माज्या हातानं दिलं पायजे.’’

आम्ही इचलकरंजीच्या एसटीत बसलो. म्हाताऱ्याचं नाव लक्ष्मण. वाटेत तो एकच गोष्ट बोलला. दिगंबर सापडला नाही. तीन दिवस सगळं गाव काठानं हाका मारत फिरलं. त्याची आई तर पुढंही कितीतरी दिवस पहाटे उठून काठावर जायची आणि हाक मारायची. मग तिचा आवाज बसला तो बसलाच.

कबनूरला मागांच्या आवाजात आम्ही दारोदार विचारत हिंडलो. सूतवाले, लिंगायत, मोठ्यानं बोलणारे. मोठ्यानं तिथं सगळेच बोलत होते. तासाभरानं घर सापडलं. गौरा दारातच उभी होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. माझ्या मागं लक्ष्मण उभा होता. मी अजून तोंड उघडलं नव्हतं, पाकीट पिशवीतच होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं,

‘‘अज्जा, पल्याडच्या काठावर जांभूळ हाय न्हवं?’’

म्हाताऱ्यानं दाराच्या चौकटीला हात लावला.

‘‘हुतं,’’ तो म्हणाला. ‘‘त्याच पुरात गेलं.’’

जांभळाचं मी टाईप केलं नव्हतं. पुढं बापूकडनं तिची प्रत दोनदा वाचून घेतली. जांभूळ कुठंच नाही. नदीच्या काठाला जांभूळ असायचंच, पोरीनं मनानं धरलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आजही सांगतो.

आत बसल्यावर ती म्हणाली, ‘‘मामा, तुम्ही पाठ कर म्हटलासा. मी रोज पाठ केलं. करता करता ती नदी दिसाय लागली. हितं दोन्ही बाजूला माग, माझ्या कानात पाण्याचा आवाज. मी पलीकडं जाते, जांभळाला हात लावते. परत यायच्या वेळेला जाग येते. रोज. परत येणं कधी होतच नाही.’’

तिचे वडील पहिल्यांदाच हळू बोलले. ‘‘मामा, हे काय करून ठिवलंय तुम्ही?’’

मी आयुष्यात कुणाला चूक कबूल केली नव्हती. बायकोलाही नाही. त्या दिवशी त्या घरात, चहाची कपबशी हातात धरून, मी केली. मला इंग्रजी येत नाही हे सांगितलं. ओळी कुणाच्या ते सांगितलं. ‘‘उद्या त्यांना सरळ सांग, टाईपवाल्याची चूक हाय. माजं नाव सांग.’’

लक्ष्मण त्या रात्री माझ्या घरी राहिला. सकाळी आम्ही दोघं कॉलेजच्या गेटाबाहेर उभे राहिलो. गौरा वडिलांबरोबर आली आणि आत गेली. तासाभरानं बाहेर आली ती सरळ लक्ष्मणकडं गेली.

आत काय झालं ते तिनं सांगितलं. सरांनी टेबलावर पाच कागद एका रांगेत मांडले होते. पाच पोरं, पाच गावं, पाचांच्याही घरामागं नदी. पाचही जण पाऊस असला तरी चुकवत नाहीत. सर म्हणाले, ‘‘कबनूरमध्ये घरामागं नदी कुठली? ही नदी आहे तरी कुणाची?’’

‘‘दिगंबरची,’’ गौरा म्हणाली. आणि सगळं सांगितलं. तो कुठला, त्यानं कागद का जोडला, यादी लागली त्या पहाटे काय झालं.

मग सरांनी पाचही फॉर्मच्या टाचण्या काढल्या, माझे पाच कागद बाजूला केले आणि म्हणाले, ‘‘मागितलं नव्हतं ते बघायचं नाही. फॉर्म बघू.’’ आठवड्यानं यादी लागली. गौराचं नाव होतं, आणि मार्क बघता ते तसंही असणारच होतं. माझ्या कागदानं तिला काही दिलं नव्हतं. जवळजवळ घेतलं मात्र होतं.

पण इंटरव्ह्यूच्या त्या दुपारचं सांगायचं राहिलं.

आम्ही सगळे माझ्या टेबलाशी आलो. लक्ष्मणनं काचेखालची प्रत मागितली. घरात दिगंबरच्या हातचं काहीच राहिलं नव्हतं, वह्यासुद्धा त्याच्या आईनं एक-एक करून नदीत सोडल्या होत्या. मी काच उचलली. कागद निघाला, पण अक्षरं काचेच्या आतल्या अंगाला चिकटून राहिली, उलटी, निळी. कागद जवळजवळ कोरा झाला होता.

म्हातारा तो कोरा कागद उन्हाकडं धरून बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘मामा, एक नवा टाईप करा. त्येचाच. वय आजचं घाला.’’

मी कागद लावला. काचेवरचं उलटं मला वाचायची गरज नव्हती. नाव, पत्ता. वयाशी थांबलो. लक्ष्मणनं बोटांवर मोजून आकडा सांगितला. ‘‘जगला असता तर’’ असं तो म्हणाला नाही. नुसता आकडा सांगितला, जसं बाप सांगतो.

‘‘आनी शेवटची वळ नगं,’’ तो म्हणाला. ‘‘बोलावलं तर येईन म्हणून हाय ती. ती काडा. आमी लई बोलावलं वो.’’

‘‘काढतो,’’ मी म्हणालो. तीन ओळी टाईप केल्या, थांबलो, कागद ओढून गौराच्या हातात दिला. आमच्यात सगळ्यात शिकलेली तीच.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. ‘‘मामा, चार हायत.’’

मी थांबलो होतो. मला माहीत आहे मी थांबलो होतो. बापूही शेजारून बघत होता, तोही म्हणाला तुम्ही हात उचलला होता. मी दुसरा कागद लावला. ह्या वेळी एकेक अक्षर बघून, एका बोटानं, शिकाऊ पोरासारखं. तिसऱ्या ओळीच्या शेवटी दोन्ही हात मांडीवर ठेवले. कागद काढला.

चार.

लक्ष्मण माझ्या मांडीवरच्या हातांकडं बघत होता. बापूनं त्याच्या दुकानातलं ब्लेड आणून दिलं. मी पट्टी ठेवली आणि कागदाची खालची ओळ कापून वेगळी केली. वरचा कागद म्हाताऱ्यानं पिशवीत गुंडाळला, छातीशी धरला आणि चंदगडच्या एसटीकडं चालू लागला. परत भुरभुर सुरू झाली होती, गौरानं त्याच्यावर आपली छत्री धरली होती.

नंतर मी काच फोडली. पुढं कॉम्प्युटर आले, माझ्याकडचं गिऱ्हाईक कमी झालं, मशीन भंगारात घातलं, आणि त्याचं मला फारसं दुःख झालं नाही. गौरा शिकली, आता स्वतः शिकवते. दिवाळीला येते. आम्ही नदीचं बोलत नाही. मी एकदाच विचारलं, अजून दिसती का? ती म्हणाली, ‘‘त्या दिवसानंतर एकदाच. त्या वेळी परत आले.’’ मुरगूडच्या त्या पोराला शोधायला मी दोनदा गेलो. पत्ता बरोबर होता, घराला कुलूप होतं.

तर दारातनं विचारणाऱ्या पोराला मी आता सांगतो, मागितलाय का? मागितला असला तर जोड, स्वतः लिही, स्वतः वाच, आणि खाली दुसऱ्याचं एक अक्षर असता कामा नये. मागितला नसला तर जोडू नको. पोरगं म्हणतं, बास, एवढंच? मी म्हणतो, एवढंच. कपाटाकडं मी त्या वेळी बघत नाही. तिथं एका डबीत ती कापलेली पट्टी आहे. फेकून द्यायला पाहिजे, दरवर्षी ठरवतो. पण कुठं फेकायची? पाण्यात टाकायला धीर होत नाही, आणि पावसाळ्यात डबी उघडली की ती ओली असते.